सत्तर फेऱ्या

धुळ्याच्या दगाजी देवऱ्यांनी गाडी विकताना
आधी तिचे दोष सांगितले.
चहा नंतर.

डाव्या मागच्या दाराची काच हाताने ओढून वर घ्यावी लागते.
थंडीत तिसरा गिअर कुरकुरतो, दुसऱ्यात जरा जास्त ठेवा.
एसी आहे, पण चैत्रानंतर तो नुसता आवाज करतो.
आणि किलोमीटरचा आकडा
एक लाख त्रेसष्ट हजार दोनशे आठवर अडकलाय,
तीन वर्षं झाली.
खरा किती, मलाच ठाऊक नाही ताई,
खोटं सांगून काय करू?

मी त्या वाक्याचे पैसे दिले.
एस्टीम वरून मिळाली.

अमळनेरला, बोरीच्या पुलापलीकडे, इद्रिस पिंजाऱ्याने
बॉनेट उघडून आत डोकं घातलं
ते बराच वेळ बाहेर काढलं नाही.
इंजन चांगलं शे, मॅडम, तो म्हणाला.
बाकी सम्दं रबर शे.
आणि आपल्याकडच्या उन्हात रबर म्हणजे...
मागच्या सीटवर भालचंद्र हसला.
त्या आठवड्यात पहिल्यांदा.

मंगळवार, शुक्रवार.
पहाटे पाचला निघायचं.
साडेसहाला मशीन मोकळं असतं,
उशीर झाला की नंबर जातो.
म्हणून सोमवारी आणि गुरुवारी रात्री
टॉर्च दातांत धरून मी डिपस्टिक ओढते,
पुसते, घालते, पुन्हा ओढते.
बावीस वर्षं भूगोल शिकवला, आता हे शिकले:
ऑइल मधासारखं दिसतंय तोवर ठीक.
बॅटरीच्या टोकांवर निळसर बुरा आला तर कोमट पाणी.
होजपाइप थंड असताना दाबून बघायचा,
पिकल्या केळ्यासारखा लागला तर बदलायचा.
टायमिंग बेल्ट कधीचा, देवऱ्यांच्या वहीतही नव्हतं,
म्हणून सगळ्यांत आधी तोच.
तुटानं आधी तो सांगत नही, इद्रिस म्हणाला.

भालचंद्रला तुलना करायची हौस.
हिचा फिल्टर तीनशेला, माझा बघ.
हिचा पंप, माझा पंप.
मी रस्त्याकडे बघते.
हिचे सुटे भाग जळगावात मिळतात.

दीर म्हणतो, हप्त्यावर नवी घ्या,
सात वर्षांचा हप्ता, जाणवणारही नाही.
सात म्हणताना तो
माझ्याकडे बघत नाही.

मे महिन्यात, परत येताना, नवलनगरच्या अलीकडे
काटा चढायला लागला.
पंखा बंद. सावली नाही, बाभूळसुद्धा नाही.
इद्रिसने एकदा सांगून ठेवलं होतं ते आठवलं
आणि मी हीटर लावला.
पंचेचाळीस अंशांत, पूर्ण, शेवटच्या खुंटीपर्यंत.
इंजिनाचा ताप आमच्या अंगावर घेतला.
सुई टोचलेला हात मांडीवर सांभाळत
भालचंद्रने दुसऱ्या हाताने ती डावी काच खाली ढकलली.
काही बोलला नाही.
कपाळावरचा घाम त्याच्या भुवईत थांबत होता, मग डोळ्यात.
चाळीसच्या वेगाने, खिडक्या उघड्या,
आरशात तो आणि समोर काटा,
मी आळीपाळीने दोघांना बघत होते.
मंगरूळला काटा मध्यावर आला.
रिले गेला होता. दीडशे रुपये.

आज इद्रिस विचारतो, किती चालनी?
आकडा तिथंच आहे, दोनशे आठवर.
मी वहीचं मागचं पान काढून
उभ्या रेघा मोजते.
सत्तर.
सत्तर काय?
सत्तर वेळा धुळे.
तो खडूने फरशीवर बहात्तरने गुणतो,
हातचा चुकतो, पुसतो, पुन्हा मांडतो.
पाच हजार चाळीस.
चला, टाइम झाया.

खालचा नट सुटतो.
काळं तेल आधी धारेने, मग दोऱ्यासारखं
पत्र्याच्या ट्रेमध्ये उतरत राहतं.
इद्रिस नव्या डब्याकडे हात करतो
तेव्हा स्टुलावरून भालचंद्र म्हणतो,
थांब रे. निथळू दे पुरतं.
आज शनिवार आहे.